कारणाचा रकाना

पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, जबाब घेतले जातात आणि शेवटी एका रकान्यात कारण लिहिले जाते. रकाना अरुंद असल्याने त्यात एकच कारण मावते : परीक्षेतील अपयश, कौटुंबिक कलह, प्रेमप्रकरण, आजारपण, नापिकी व कर्जबाजारीपणा. दुसऱ्या दिवशी तेच कारण वृत्तपत्राच्या जिल्हा आवृत्तीत मथळा होऊन येते, वर्षअखेरीस राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात आकडा होते, आणि पुढे कधीतरी आपल्या कथा-कादंबऱ्यांत कथानक होते. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतील किशोरवयीन मुलामुलींच्या आत्महत्यांच्या संदर्भात या रकान्याचा इतिहास तपासावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय मानसशास्त्राचा आणि समाजशास्त्राचा आहे, हे आम्ही जाणतो. परंतु एखाद्या मृत्यूचा अर्थ लावणे ही मुळात वाचनाची कृती आहे आणि वाचन हा साहित्याच्या शिक्षक-विद्यार्थ्यांचा व्यवसायच आहे. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे ती मुले आपल्याच वर्गांत, आपल्याच बाकांवर बसलेली असतात. त्यामुळे हा विषय परका म्हणून बाजूला ठेवण्याची सोय आपल्याला नाही.

१

आरंभ थोडा मागून करावा लागेल. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलाला उच्च शिक्षण घ्यायचे तर गाव सोडायचे, भाषा बदलायची आणि हैदराबाद गाठायचे, असा त्याचा अर्थ होता. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० साली निघाले, मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादेत आले. लातुरात दयानंद महाविद्यालय १९६१ चे, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली, आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ मिळाले १९९४ साली. पुणे-मुंबईकडे तीन-चार पिढ्यांत मुरलेली गोष्ट येथे एका-दोन पिढ्यांत उरकावी लागली, एवढे या सनावळीतून ध्यानात येते. ज्या घरात शिक्षणाला पिढ्यांची परंपरा असते, तेथे एका मुलाचे नापास होणे त्या परंपरेत पचून जाते. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी असते, तेथे तो एकटा मुलगा संपूर्ण घराच्या वतीने परीक्षेला बसलेला असतो.

याच नांदेडच्या इतिहासात नापास होण्याचे दुसरेही एक उदाहरण आहे. नरहर कुरुंदकर हे इंटरच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा अनुत्तीर्ण झाले होते. पुढे ते शाळेत शिक्षक झाले, आणखी पुढे पीपल्स कॉलेजचे प्राध्यापक व प्राचार्य झाले, आणि त्यांच्या ग्रंथांवाचून मराठी समीक्षेचा अभ्यास आज पुरा होत नाही. हे उदाहरण ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ छापाच्या उपदेशासाठी आम्ही देत नाही, कारण अशा उपदेशाने कुणाचे प्राण वाचल्याचे ऐकिवात नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. कुरुंदकरांना परीक्षेने नाकारले त्या काळी त्यांच्याभोवती हैदराबाद मुक्तिलढ्यातून आलेल्या माणसांचे, मित्रांचे आणि शिक्षकांचे वर्तुळ होते. परीक्षेतील जागा गेली तरी माणसांतील जागा शाबूत राहिली. एका व्यक्तीच्या चरित्रावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे खरे. परंतु पुढील विवेचनात विचारायचा प्रश्न मात्र येथून मिळतो. मुलाचे अपयश केवढे होते, एवढेच विचारून भागत नाही. त्या अपयशाने त्याचे कोणते नाते तोडले, किंवा तुटले असे त्याला वाटले, हेही विचारावे लागते.

२

ज्याला महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखतो, तो गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत आकाराला आला. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे जनार्दन वाघमारे, अनिरुद्ध जाधव आदी प्राचार्यांची नावे त्याच्याशी जोडली जातात. निवडक विद्यार्थी, जादा तास, सुट्टीतही वर्ग, प्रश्नपत्रिकांचा अखंड सराव, चाचणीमागून चाचणी आणि प्रत्येक चाचणीनंतर उणिवांची चर्चा, असे त्याचे स्थूल स्वरूप होते. बारावीच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या बरोबरीने लातूरची नावे झळकू लागली. दुष्काळी, मागास म्हणून ज्याची ओळख, त्या प्रदेशाने आपल्या मुलांच्या कष्टांवर राज्याला दखल घ्यायला लावली, ही ऐतिहासिक गोष्ट आहे, आणि पॅटर्नवर घोकंपट्टीचा आरोप करणाऱ्यांनी ती विसरू नये. वैद्यकीय प्रवेशांत ७०:३० चे जे प्रादेशिक सूत्र मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांना अन्यायकारक वाटत होते, ते २०२० साली रद्द झाले. तोवर येथल्या मुलाला उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा अधिक धावावे लागत होते, ही भावना निराधार नव्हती.

तथापि, पॅटर्न महाविद्यालयाच्या आवारात राहिला नाही, तो बाजारात आला. लातूरचा उद्योग भवन परिसर आणि नांदेडमधील शिकवणी वर्गांच्या वसाहती या त्या बाजाराच्या पेठा होत. या शतकाच्या पहिल्या दशकात परीक्षा मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली खरी. पण मंडळाने काढून घेतलेली यादी खाजगी वर्गांच्या फलकांनी चौकाचौकांत पुन्हा लावली, आणि या वेळी ती छायाचित्रांसह होती. पुढे ‘नीट’ ही देशव्यापी परीक्षा आली. २०२४ साली तिला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखभराच्या आसपास. त्याच वर्षीच्या जूनमध्ये या परीक्षेतील गैरव्यवहाराच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या हजारो मुलांना आपल्या कष्टांच्या किमतीबद्दलच शंका वाटली असल्यास नवल नाही.

या बाजारात एक गोष्ट मात्र विकत मिळत नाही, ती म्हणजे घर. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा अहमदपूर, कंधार, मुखेड, देगलूर अशा तालुक्यांच्या गावांतून येऊन खोली करून राहतो. काही घरांतून आई मुलासोबत येऊन स्वयंपाकासाठी शहरात बिऱ्हाड करते, तर बाप गावी जमिनीपाशी एकटा. काहींचा जेवणाचा डबा रोज गावाकडून एसटीने येतो. डबा हे एक नातेच आहे. त्याविषयी उणा शब्द काढावा असे आम्हांस वाटत नाही. परंतु डब्यासोबत रोज एक हिशेबही येतो, आणि तो कुणी घातलेला नसला तरी मुलाला दिसत असतो. आपल्यासाठी आई पहाटे उठली, आपल्यासाठी बापाने जमिनीचा तुकडा गहाण टाकला किंवा सावकाराची पायरी चढला, आणि आपले गेल्या आठवड्याच्या चाचणीतले गुण मागच्याहून कमी आहेत. ज्या प्रेमाने त्याला तोलून धरायचे, तेच प्रेम कर्ज होऊन त्याच्यासमोर उभे राहते.

३

येथे सिद्धान्ताकडे वळू. आत्महत्येच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ एमिल द्यूरखेम यांच्या १८९७ सालच्या ग्रंथापासून मानतात. व्यक्तीचे समाजाशी असलेले बंध सैल झाले की, किंवा फार आवळले गेले की, आत्महत्येचे प्रमाण वाढते, असे त्यांनी आकडेवारीच्या आधारे मांडले. पण द्यूरखेम यांच्या ग्रंथात व्यक्ती नाही, दर आहे. व्यक्तीकडे अभ्यासक वळले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांना १९४९ साली लॉस एंजेलिसच्या मृत्यूनोंदींच्या संग्रहात आत्महत्या करणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या शेकडो चिठ्ठ्या आढळल्या. त्यांनी आणि नॉर्मन फारबेरो यांनी या खऱ्या चिठ्ठ्यांची तुलना सामान्य माणसांकडून लिहवून घेतलेल्या काल्पनिक चिठ्ठ्यांशी केली. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थबकावे. काल्पनिक चिठ्ठ्या लिहिणारे जीवन-मृत्यूविषयी बोलत होते. खऱ्या चिठ्ठ्यांत मात्र साध्या, घरगुती, नेमक्या गोष्टी अधिक होत्या : घरच्या माणसांची नावे, त्यांना सांगायची बारीकसारीक कामे. म्हणजे आपण मृत्यूच्या तत्त्वज्ञानाची अपेक्षा करतो, आणि तेथे नात्यांची नोंदवही निघते.

पुढे २००५ साली टॉमस जॉयनर यांनी आत्महत्येचा आंतरवैयक्तिक सिद्धान्त मांडला. त्यांच्या मते मरणाच्या इच्छेमागे दोन भावना एकत्र येतात : आपण कुणाचेच नाही ही, आणि आपण आपल्या माणसांवर ओझे आहोत ही. इच्छेचे कृतीत रूपांतर होण्यास आणखी एक गोष्ट लागते, वेदनेचे आणि मरणाचे भय मोडलेले असणे. हा सिद्धान्तही निर्विवाद नाही. त्यावरील पुढच्या अभ्यासांतून ओझेपणाच्या भावनेला अधिक सातत्याने आधार मिळाला आहे, परकेपणाच्या भावनेला तुलनेने कमी. दुसरीकडे कॉन्स्टन्स हॅमन यांनी १९९१ साली दाखवून दिले की ताण हा नेहमी बाहेरून कोसळतोच असे नाही. खिन्न मनःस्थितीतील माणसाच्या वागण्यातून भांडणे, दुरावे, गैरसमज निर्माण होतात आणि तेच पुढचा ताण होतात. मुलगा चिडचिडा झाला म्हणून घरचे बोलतात, घरचे बोलतात म्हणून तो बोलणे तोडतो, आणि बोलणे तुटले म्हणून एकटा पडतो. या साखळीतील कोणती कडी ‘कारण’ म्हणून रकान्यात लिहायची?

या मांडणीच्या उजेडात परीक्षेकडे पुन्हा पाहावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ मृत्यू महाराष्ट्रातले. २०२३ च्या अहवालात विद्यार्थ्यांची संख्या १३,८९२ झाली. परंतु ‘परीक्षेतील अपयश’ या कारणाखाली नोंदलेले मृत्यू एकूण मृत्यूंच्या दोन टक्क्यांहूनही कमी असतात. ‘कौटुंबिक समस्या’ हे कारण सर्वांत मोठे, २०२२ मध्ये ३१.७ टक्के, आणि अठरा वर्षांखालील मुलांतही तेच अग्रभागी असते. यावरून परीक्षा निर्दोष आहे असा निष्कर्ष कुणी काढील तर तो चूक ठरेल. ज्या घरात निकालावरून महिनाभर अबोला चालू आहे, तेथला मृत्यू कोणत्या रकान्यात जाईल? परीक्षा आणि कुटुंब हे दोन रकाने कागदावर शेजारी असतात, पण घरात ते एकाच पाटावर जेवायला बसतात.

४

ओझे आणि परकेपणा या दोन संकल्पना इंग्रजीतून आल्या असल्या तरी त्या मराठीला नव्या नाहीत. आपली भाषा त्या फार आधीपासून जाणते, किंबहुना घडवते. मुलगी ‘परक्याचे धन’, ती ‘उजवली’ की बाप ‘मोकळा होतो’. मुलगा ‘घराण्याचे नाव काढतो’ किंवा ‘नाव बुडवतो’, म्हणजे घराचे नाव हे त्याच्या हाती सोपवलेले तारू आहे. ‘कुठल्या तोंडाने घरी जाऊ’ हे वाक्य निकालाच्या दिवशी आजही ऐकू येते. घर तेच, वाट तीच. पण त्या वाटेने जाण्यासाठी जे ‘तोंड’ लागते, ते गुणपत्रिकेने हिरावले आहे. ‘एवढा खर्च केला तुझ्यावर’ हे रागातले वाक्य बोलणारा संध्याकाळी विसरतो, ऐकणारा मात्र ते अक्षरशः वाचतो. वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ यांतला भेद आपण वर्गात शिकवतो. घरात संतापलेल्या बापाच्या वाच्यार्थामागे दडलेली भीती मुलाला वाचून दाखवणारे मात्र कुणी नसते.

त्याच भाषेत ‘जीव’ या शब्दाभोवतीचा संसार पाहावा. आपण जीव लावतो, जीव जडतो, जीव टांगणीला लागतो, कुणासाठी जीव तुटतो, जिवाला जीव देतो. मराठीतला जीव एकट्याचा नाही. तो बहुतेक वेळा दोघांच्या मध्ये असतो. ‘जीव देणे’ या प्रयोगातही देणे आहे, आणि देणे म्हटले की घेणारा आलाच. आंतरवैयक्तिक सिद्धान्त जे सांगतो ते आमच्या वाक्प्रचारांत असे आधीच वसलेले आहे. मरणाचा विचार हा एकांतात झाला तरी तो कुणाला तरी उद्देशून असतो. म्हणून तो ऐकला जाण्याची शक्यताही असते, आणि आमच्या दृष्टीने आशेची जागा हीच आहे.

५

लातूर-नांदेडच्या ताणाला निसर्गाचीही जोड आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दहा हजारांच्या घरात माणसे दगावली. पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसवावी लागली. सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुले शिक्षणासाठी पुण्याजवळ नेली गेली, आणि त्यांतील अनेकांचे आयुष्य त्यामुळे मार्गी लागले. नव्या गावांत घरे भक्कम झाली, पण सरळ रेषांत आखलेल्या रुंद रस्त्यांनी जुनी आळी मोडली. ओट्यावरून ओट्यावर चालणारे बोलणे विरळ झाले. आपत्तीचे पंचनामे घरांचे होतात, शेजाराचे होत नाहीत.

त्यानंतरची आपत्ती सावकाश आली. २०१२ नंतरच्या दुष्काळांची परिसीमा २०१६ साली झाली. मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याआधीच्या २०१५ या एका वर्षात मराठवाड्यात एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. या मृत्यूंनाही एक रकाना आहे, अधिक क्रूर असा. शासकीय मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते, आणि पात्र होण्यासाठी कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा अशी ठरावीक कारणे कागदावर सिद्ध व्हावी लागतात. बापाचे मरण ‘अपात्र’ ठरले, हे वाक्य ज्या मुलाच्या कानावर पडते, त्याच्या शोकाला कोणता शब्द द्यायचा? त्या घरातले थोरले मूल पंधराव्या वर्षी कर्ते होते, आणि आपल्या जवळच्या माणसाचा आत्महत्येने झालेला मृत्यू ही पुढील धोक्याची एक नोंद घेण्याजोगी खूण आहे, असे अभ्यासक सांगतात. अशा घराकडे मदतीचा धनादेश जातो, पण मुलाशी बोलणारे माणूस क्वचितच जाते.

याच काळात, २०१५ ते २०१७ दरम्यान, लातूर जिल्ह्यातील काही विद्यार्थिनींच्या मृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या. एकीच्या बातमीत एसटीच्या पासाचे पैसे होते, दुसरीच्या बातमीत हुंड्याची चिंता. त्यांची नावे येथे घेण्याचे कारण नाही. त्या नावांचा गाजावाजा तेव्हा पुरेसा झाला. त्यानंतर दुष्काळी भागातील विद्यार्थ्यांना एसटीचे मोफत पास देण्याची घोषणा झाली आणि ती योग्यच होती. परंतु या बातम्यांचे वाचन कसे झाले ते पाहावे. कुणी दुष्काळ वाचला, कुणी हुंडा, कुणी शासनाचा नाकर्तेपणा. हे सारे खरे होते. वाचायचे राहिले ते एवढेच की या मुली स्वतःला वडिलांच्या डोक्यावरचे ओझे समजत होत्या, आणि ते ओझे हलके करणे हे आपले कर्तव्य आहे असे त्यांना वाटले असावे. ही समजूत त्यांनी स्वतः शोधलेली नव्हती. मुलीचे लग्न म्हणजे बापाची विवंचना हे गावोगावच्या बोलण्यात, गाण्यात, अगदी कौतुकाच्या कवितांतही त्यांनी ऐकले होते. त्यांच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्या श्रद्धांजल्यांनी तीच समजूत आणखी पक्की केली. ओझ्याची भावना असत्य असते, हे त्या वेळी ठामपणे म्हणणे आवश्यक होते. मूल गेल्याने कोणत्याही घराचे ओझे उतरलेले नाही. ते कायमचे बसले आहे.

‘लॅन्सेट’मध्ये २०१२ साली विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भारतात आत्महत्येने मरणाऱ्या पुरुषांत १५ ते २९ या वयोगटाचे प्रमाण ४० टक्के होते आणि स्त्रियांत ते ५६ टक्के होते. स्त्रियांच्या बाबतीत निम्म्याहून अधिक मृत्यू त्या वयात, ज्या वयात आपण त्यांना आधी विद्यार्थिनी आणि मग सून करतो. या आकड्याला आणखी भाष्याची गरज नसावी.

६

रकान्याच्या इतिहासात कायद्याचाही एक रकाना आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ३०९ ने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवला होता. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले, १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच म्हटले, आणि १९९६ मध्ये घटनापीठाने ते पुन्हा वैध केले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून शिक्षेला आळा घातला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते सरसकट कलम उरले नाही. दीडशेहून अधिक वर्षे वाचलेल्या मुलाच्या उशाशी आधी पोलीस आणि मग डॉक्टर, हा क्रम होता. घराघरांतून ‘पोटदुखी’, ‘चुकून घडले’ अशी जी कथने रचली गेली, त्यांमागे लोकलाजेइतकीच या कलमाची भीतीही होती. वाचलेले मूल त्यामुळे आपली कहाणी कुणालाच सांगू शकले नाही.

शिक्षणव्यवस्थेनेही शब्द बदलून पाहिले. २०१५ पासून दहावीच्या अनुत्तीर्णांची फेरपरीक्षा त्याच वर्षीच्या जुलैत होऊ लागली, म्हणजे वर्ष वाया जाणे टळले. गुणपत्रिकेवरील ‘नापास’ या शब्दाऐवजी ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आला. यांतील पहिला बदल आम्हांस मोलाचा वाटतो, कारण त्याने मुलाच्या हाती काळ दिला. संकटाची धार काळाने बोथट होते, आणि किशोरवयात तर मरणाचा आवेग पुष्कळदा थोड्या काळाचा असतो. तेवढा काळ टळला, साधन हाताशी नसले, शेजारी कुणी बसले, तर जीव वाचतो. शेतकरी घरांत फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत ही साधी सूचना याच कारणाने जगभरचे तज्ज्ञ करतात. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था आणि शिकवणी वर्ग यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक असणे अपेक्षित आहे. उद्योग भवनाच्या कितव्या मजल्यावर तो समुपदेशक बसतो, आणि त्याच्या दाराशी जाणाऱ्या मुलाकडे इतर मुले कोणत्या नजरेने पाहतात, यावर त्या तत्त्वांचे यश अवलंबून राहील.

७

आता साहित्याकडे येऊ. गटेच्या ‘वेर्थर’ या १७७४ च्या कादंबरीनंतर तरुणांत अनुकरणाची लाट आल्याचे बोलले गेले आणि लाइपझिग शहराने पुढच्याच वर्षी पुस्तकावर बंदी घातली. दोनशे वर्षांनी, १९७४ मध्ये, डेव्हिड फिलिप्स यांनी वृत्तपत्रांतील ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात असे दाखवले आणि त्या परिणामाला वेर्थरचेच नाव दिले. याच्या उलट बाजूचा शोध २०१० साली व्हिएन्नाच्या अभ्यासकांनी घेतला. संकटातून तरून गेलेल्यांच्या कहाण्या प्रसिद्ध झाल्या की आत्महत्या कमी होताना दिसतात. मोझार्टच्या ‘जादूची बासरी’ या संगीतिकेत पापागेनो मरायला निघतो, आणि तीन मुले येऊन त्याला त्याच्याजवळच्या घंटा वाजवण्याची आठवण देतात. म्हणून हा पापागेनो परिणाम. घंटा त्याच्याजवळच होत्या, आठवण देणारे तिसरे कुणी लागले.

मराठीत पाहिले तर ‘कोसला’चा पांडुरंग सांगवीकर आठवतो. तो पुण्याहून परीक्षा हरून, बापाचे पैसे खर्चून गावी परततो. १९६३ सालच्या या कादंबरीची चर्चा आपण अस्तित्ववादाच्या अंगाने भरपूर केली. परंतु नायक ‘परततो’ या साध्या घटनेकडे आपले दुर्लक्ष झाले. बापाशी न पटणारे असले तरी घर तेथे आहे आणि वाट उघडी आहे. सदानंद देशमुखांच्या २००२ सालच्या ‘बारोमास’मध्ये शिकलेल्या शेतकरीपुत्राला परतायला घर असते, पण ते घर आतून पोखरलेले असते. या दोन कादंबऱ्यांच्या मधल्या चाळीस वर्षांत मराठी खेड्यातील घराचे काय झाले, हा प्रश्न आमच्या मते लातूर-नांदेडच्या आजच्या मुलाचाच प्रश्न आहे. तिसरी कादंबरी, म्हणजे खोली करून राहणाऱ्या, डबा एसटीने येणाऱ्या, नीटला दुसऱ्यांदा बसणाऱ्या मुलाची किंवा मुलीची, तिने आतूनच लिहिलेली, ती अद्याप यावयाची आहे. ती आली तर तिने मरणाला उत्तर म्हणून रंगवू नये, एवढी अपेक्षा करणे म्हणजे लेखनस्वातंत्र्याचा संकोच नव्हे.

८

एवढे झाल्यावर आपण काय करावे, हा प्रश्न टाळता येत नाही. साहित्याच्या शिक्षकाने डॉक्टर होऊ नये. परंतु निबंधाच्या वहीत, कवितेत, सहज टाकलेल्या वाक्यात ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे आले, तर त्याची केवळ शैली तपासून वही परत करू नये. त्या मुलाला एकट्याला बोलावून, ‘मरावेसे वाटते का’ असे सरळ, शांतपणे विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत संशोधनाने खोटी ठरवली आहे. दहा युरोपीय देशांतील १६८ शाळांच्या ११,११० विद्यार्थ्यांवरील अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मुलांना स्वतःच्या आणि मित्रांच्या मनाविषयी वर्गात बोलायला शिकवल्यावर वर्षभरात आत्महत्येचे प्रयत्न जवळजवळ निम्म्याने कमी झाले, असे त्यात आढळले. विशेष हे की प्रौढांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवण्यापेक्षा मुलांना परस्परांशी बोलायला शिकवणे त्यात अधिक गुणकारी ठरले. उत्तर मिळाल्यावर उपदेश न करता ऐकावे, मुलाला एकटे सोडू नये, घरच्यांना व जाणकारांना सोबत घ्यावे. केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठीतूनही चालते. तो क्रमांक वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असावा.

आणि वाचक म्हणून एक गोष्ट. यापुढे अशी बातमी समोर आली की ‘कारण काय?’ हा प्रश्न ओठांवर येईल. तो अनेकवचनी विचारावा. कोणता ताण साचत आला होता, कोणते नाते सैल झाले होते, कुणी कोणता शब्द बोलले होते, आणि कुणी कोणता शब्द बोलायचे राहून गेले होते. असे विचारल्याने दोषी कुणी एक सापडत नाही, आणि ज्यांना दोषी हवा असतो त्यांची निराशा होते. परंतु कारणे अनेक असली तर आडवे येण्याच्या जागाही अनेक असतात, आणि एखाद्या जागी, एखाद्या साध्या प्रश्नासह, आपण उभे असू शकतो. पोलिसांच्या नोंदवहीतला रकाना अरुंद आहे, तो तसाच राहणार. आपल्या वाचनाचा रकाना तेवढाच अरुंद ठेवण्याची सक्ती मात्र आपल्यावर कुणी केलेली नाही.